पटाच्या बोर्डावर कोणाचे बैल?

कॉलेजात जाणारा मी आमच्या तांड्यातला पहिला. पहिला असण्याचा एक तोटा असतो. कॉलेजात काय शिकवतात ते घरी कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे तिथे सगळंच शिकवत असतील असं लोक धरून चालतात. सुट्टीत गेलो की कुणाचा कागद वाचून दे, कुणाच्या घड्याळाला चावी दे, असं चालूच असतं. एकदा एका म्हातारीने मला तिच्या म्हशीची जीभ बघायला लावली. मी बघितली. काळी होती. तसं मी तिला सांगितलं, आणि तिचं समाधान झालं.

बोर्डाचं काम माझ्याकडे आलं ते याच रीतीने.

त्या वर्षी कापूस बरा उतरला होता. संक्रांतीच्या आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात सगळे बसले होते, आणि माझ्या बापाने विषय काढला की यंदा आपल्या तांड्यावर शंकरपट भरवू. आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, नुसतं पट म्हटलं तरी चालतं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. आता आम्ही घाटंजीच्या अलीकडे शेती करतो, पण बैलाचा विषय निघाला की म्हातारी माणसं अजून सरसावून बसतात. मात्र तांड्यावर पट कधी भरला नव्हता. आम्ही आमचे बैल दुसऱ्यांच्या पटाला न्यायचो. गावांतली माणसं आमच्याकडे यायची ती कापूस वेचायला बायका हव्या असल्या तर.

"भरवू, पण येईन कोण?" नायक म्हणाला. हे बोलणं आमच्या गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, चाललं होतं. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी मी ते बाजारातल्या बोलीत लिहितो आहे.

"येतीन," माझा बाप म्हणाला.

"अन् नाई आले तं? आपल्याच जोड्या आपण पळवू, अन् आपणच टाळ्या वाजवू?"

"नाई आले तं मी कारभारी राहत नाई."

कारभारी म्हणजे नायकाचा उजवा हात. तांड्यातलं लग्न, भांडण, वाटणी, सगळं त्याच्या जिभेवर चालतं. आमच्या घरात हा मान आजोबांपासून होता. बाप बोलून खाली बसला, तेव्हा मला वाटतं तो स्वतःच दचकला असावा. घरी आल्यावर याडी, म्हणजे माझी आई, भाकरी थापता थापता म्हणाली, "बोलून तं बसला. आता काय बैलायले चिठ्ठ्या धाडतं?"

पटाची बातमी एरवी तोंडोतोंडी जाते. पण कुणीतरी यवतमाळला टांग्यावर फिरणारा सिनेमाचा बोर्ड पाहिला होता. तसाच बोर्ड आपण गाडीवर बांधू आणि बाजार-बाजार फिरवू, असं ठरलं. नायक म्हणाला, "आपला छोरा यवतमाळलेच हाये. तो पेंटरशी बोलंल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी "बघतो" म्हणालो. माझ्या मनात त्याचा अर्थ वेगळा होता, पण तोवर लोक उठून धोतरं झटकत होते.

पेंटरचं दुकान माझ्या कॉलेजच्या वाटेवर होतं. एका भिंतीला टेकवलेली टिनाची शेड, बाहेर वाळत घातलेल्या पाट्या. तो कुणाचा नोकर नव्हता. दुकानांची नावं, ट्रकचे नंबर, सिनेमाचे बोर्ड, मेलेल्या माणसांच्या तसबिरी, जे येईल ते करायचा. गळ्यात रुमाल बांधायचा आणि आपण नागपूरला सिनेमाचे मोठे पडदे रंगवले आहेत, हे ओळख होण्याआधीच सांगायचा.

मी दुकानासमोरून गेलो, परत आलो, आणि पुन्हा गेलो.

"ए कॉलेज!" त्याने आतून हाक मारली. "काही हरवलं काय?"

मी आत गेलो. काय बोलायचं ते मी खोलीवर जुळवून ठेवलं होतं. म्हणालो, "शंकरपट ही आपल्या भागातली अत्यंत प्राचीन अशी प्रथा असून..."

"थांब, थांब. निबंध नको. चित्र कायचं पाहिजे?"

"बैलांचं."

"किती?"

"जोडी."

"पळती का उभी?"

"पळती."

"झालं! एवढंच सांगाचं होतं न?" त्याने ब्रश कानामागे खोवला. "आता मायी एक अट ऐक. एक बोर्ड, एक तोंड. तुमच्या गावातून माह्याशी बोलणारा एकच माणूस पायजे. इथून पुढच्या चौकात कापडाचं दुकान हाये, तीन भावांचं. त्यांचा बोर्ड मीच काढला. एक भाऊ सकाळी आला, म्हणे लक्ष्मी काढ. दुसरा दुपारी आला, म्हणे पैठणी काढ. तिसरा संध्याकाळी आला, म्हणे आपल्याकडं आता टेलिफोन आला, तो दाखव. जाय, पाहून ये काय झालं ते."

मी खरंच पाहून आलो. पैठणी नेसलेली लक्ष्मी कमळावर बसून टेलिफोन कानाला लावत होती. चेहरा मात्र प्रसन्न होता.

परत येऊन मी म्हणालो, "मग तुमच्याशी कोण बोलायचं?"

"तू! नाई तं काय तुहा बैल बोलणार हाये?"

मी अट मान्य केली. अशी अट पाळायला काय लागतं याचा मला तेव्हा अंदाज नव्हता.

आठवडाभराने बोर्ड उभा राहिला. रॉकेलचे डबे कापून, ठोकून सपाट केलेले, लाकडी चौकटीवर बसवलेले, आणि त्यावर पटाचा सगळा देखावा. दोन्ही बाजूंना पागोटी, टोप्या, पदर यांची दाटी, खांद्यावर बसवलेली पोरं, टोकाला निशाण. मधोमध पळणारी जोडी. पुढचा बैल तांबडा, डावं शिंग पुढे वळलेलं, कपाळावर पांढरा चांद. धावता धावता त्याने मान आपल्याकडे वळवली होती, जणू मागून कुणी ओळखीच्या माणसाने हाक दिली आहे. डोळ्यांत काजळ होतं आणि पापण्या लांब होत्या. मला बोर्ड फार आवडला. चित्रकलेतलं मला कळत नाही, पण इतका वेळ कुठल्या बैलाने माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कापसाच्या गाड्या घेऊन आमची माणसं यवतमाळला आली. नायक, माझा बाप, आणि ज्यांना सगळा तांडा नुसतं काका म्हणतो ते म्हातारे काका, ज्यांना आता माणसं नीट दिसत नाहीत. बोर्ड पाहू द्या म्हणाले. मी बजावून ठेवलं की, तुम्ही फक्त पाहायचं. बोलणार मी. तिघांनीही मान डोलावली.

दुकानाशी आल्यावर त्यांनी वहाणा काढल्या. का काढल्या कुणास ठाऊक, पण काढल्या, आणि बोर्डापुढे उभे राहिले. पेंटर रुमाल सारखा करत वाट पाहत होता.

काका पुढे गेले. नाक बोर्डाला लागेल इतके जवळ गेले आणि म्हणाले, "हा पाटलाचा तांबड्या."

"व्हय न," नायक म्हणाला. "मी तं लांबूनच ओळखला."

शेजारच्या गावच्या पाटलांची जोडी म्हणजे तालुक्यात नाव. त्यांचे बैल हरले असं ऐकायला लोक चार कोस चालत जातील, पण तशी वेळच आली नव्हती.

"कोन पाटील?" पेंटर म्हणाला. "मी कोन्या पाटलाले वळखत नाई. हा बैल मी मनातून काढला."

"मनात कुठून आला?" काकांनी विचारलं.

पेंटर थोडा घुटमळला. "म्हंजे, कापसाच्या बाजारात एक गाडी उभी होती. शिंग झ्याक वाटलं मले."

मी इथे थोडं थांबून सांगतो, कारण पेंटरलाही ते मला समजावून सांगावं लागलं, आणि तेव्हा नीट जमलं नव्हतं. शहरातल्या माणसाने बोर्डावर बैल पाहिला की त्याला बैल दिसतो. आमच्याकडे नुसता बैल असा नसतोच. प्रत्येक बैल कुणाचा तरी असतो. कुठल्या बाजारात घेतला, कुणाच्या गाईचा, लहानपणी कुठे पडून पायात लचक भरली, हे त्याच्या अंगावर दिसतं, आणि ते ज्याला दिसत नाही त्याला आम्ही आंधळा समजतो.

"हे चढवलं तं काय होईन ठाऊक हाये?" नायक म्हणाला. "बाकीचे म्हनतीन, निकाल तं बोर्डावरच लागला, मंग जावाचं कायले? अन् पाटील म्हनतीन, मी न जाताच जितलो, मंग मी तरी कायले जाऊ?"

माझा बाप बोर्डावरच्या गर्दीकडे बघत होता.

मग मान डोलावलेल्या तिघांनी एकदम बोलायला सुरुवात केली. शिंग सरळ कर. चांद पुस. रंग काळा घे. काळा नको, काळा त्या दुसऱ्या गावच्या तेल्याचा आहे. पेंटरने माझ्याकडे पाहिलं. "कॉलेज, तोंडं किती झाली?"

"ही तोंडं नाहीत," मी म्हणालो. "ही... घरची माणसं आहेत."

ती निघून गेल्यावर तो मला म्हणाला, "आता तूच सांग बैल कसा असतो ते. पायापासून शेपटापर्यंत." मी सांगितलं. तो विचारत गेला, मी सांगत गेलो. दोन संध्याकाळी बसून त्याने नवी जोडी काढली. पुढचा बैल सरळ शिंगांचा, पांढरा, शेपटीचा गोंडा काळा, मानेखालची पोळी भरदार.

या वेळी बाप एकटाच आला. तो बोर्डापुढे उभा राहिला आणि त्याचे कान लाल झाले.

"हा आपला ढवळ्या हाये."

होता. मला बैल म्हटलं की जो दिसतो तो ढवळ्याच. लहानपणापासून मी दुसऱ्या कुठल्या बैलाला इतक्या जवळून पाहिलेलंच नव्हतं.

"लोक म्हनतीन, कारभाऱ्यानं आपलाच बैल चढवला," बाप म्हणाला. "पुसून टाकाले लाव."

पेंटर कपडा घेऊन पुढे झाला.

"थांब, थांब," बाप म्हणाला. "अखिन जरा पाहू दे मले."

त्याने बराच वेळ पाहिलं. एकदा शेजारून जाणाऱ्या माणसालाही थांबवून दाखवलं. मग एसटीची वेळ झाली म्हणून गेला.

तिसऱ्या वेळी पेंटरने शक्कल लढवली. एकाची शिंगं, दुसऱ्याचं वशिंड, तिसऱ्याचा रंग, असा कुणाच्याच गोठ्यात नसलेला बैल त्याने तयार केला. त्या दिवशी काका सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला आले होते. मी त्यांना हाताला धरून दुकानात नेलं. त्यांनी बोर्डाला नाक लावलं. बराच वेळ हुंगल्यासारखं करून ते म्हणाले, "नाई. असा बैल कोन्याच दावणीले नाई."

पेंटरने माझ्या पाठीवर थाप मारली.

"पन याच्या बापाले मी वळखतो," काका म्हणाले.

पेंटर स्टुलावर बसला. "काका, मी बैल सोडतो. गाढव काढतो. चालंल?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "गाढव बी कोनाचं तं असंल न गा."

या सगळ्यात माझं काम निरोप्याचं होतं, आणि ते मी जमेल तितक्या सभ्यपणे करत होतो. तांड्यावरून निरोप यायचा, "त्याले म्हना, डोयात काजळ कायले घातलं? लगन लावाचं हाये काय बैलाचं?" मी पेंटरला म्हणायचो, "डोळे थोडे साधे चालतील का, असं ते विचारत होते." पेंटर म्हणायचा, "त्यायले सांग, डोळे गेले तं मी गेलो." मी तांड्यावर सांगायचो, "ते विचार करून राह्यले." अशा रीतीने दोन्हीकडे शांतता राहिली, आणि कुणाला कशाचाच पत्ता लागला नाही.

घाटंजीचा बाजार दोन दिवसांवर आला. त्या बाजारात बोर्ड फिरलाच पाहिजे होता. त्यानंतर पट फार जवळ येणार होता, आणि जोड्या तयार करायला लोकांना वेळ उरला नसता. मी संध्याकाळी दुकानात गेलो तर पेंटर नुसताच बसला होता. म्हणाला, "कॉलेज, तुमचं काम परत घेऊन जा. मी नागपूरले हिरोचे चेहरे काढले, हिरॉइनी काढल्या, कोनी म्हटलं नाई का ही अमक्याची हिरॉइन हाये."

मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी त्याला खरं ते सांगितलं. तांड्यावर कधी पट झाला नाही. गावची माणसं आमच्याकडे कधी पाहुणी म्हणून येत नाहीत. बापाने सगळ्यांसमोर शब्द दिला आहे, आणि जोड्या आल्या नाहीत तर आजोबांपासूनचा मान तो स्वतःहून खाली ठेवणार आहे. याडी रोज देवाला दिवा लावताना काहीतरी पुटपुटते आणि मी गेलो की गप्प होते. बोर्ड पाहून माणूस घरी बसू नये, एवढंच काम त्या बोर्डाचं आहे.

पेंटरने सगळं ऐकून घेतलं.

"हे पहिल्या दिवशी काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही निबंध नको म्हणालात."

तो शिव्या देत उठला. शिव्या मला होत्या की स्वतःला, ते मी विचारलं नाही. त्याने डब्यात मातकट रंग कालवला आणि मोठ्या ब्रशने तो बापावरून ओळखलेला बैल झाकायला सुरुवात केली. नवा काढायचा तर आधी जुना बुजवायला हवा. ब्रशचे फटकारे तो रागारागाने मारत होता, त्यामुळे रंग कुठे दाट, कुठे विरळ पडत गेला आणि गोल गोल उसळल्यासारखा दिसू लागला. शिंगं गेली, वशिंड गेलं, हाकणारा गेला, शर्यतीच्या छकड्याचं चाक गेलं.

"थांबा," मी म्हणालो.

"आता काय?"

दोन्ही बाजूंची सगळी गर्दी, तोंडं उघडी टाकून, पागोटी मागे सारून, पोरं उचलून, एकाच जागी पाहत होती. आणि त्या जागी धुळीचा लोट होता. निशाणाकडे झेपावणारा. त्यातून आता कुणीतरी बाहेर येणार, असं वाटत होतं.

"हे असंच राहू द्या."

"अन् बैल?"

"बैल नकोत."

"येडा झाला काय रे? पटाच्या बोर्डावर बैल नाई? लोकं मले दगडं मारतीन."

"नाही मारणार."

"कायच्यावरून?"

कशावरून ते मला माहीत नव्हतं. "मी सांगतो म्हणून," मी म्हणालो. असं वाक्य मी त्याआधी कधी बोललो नव्हतो, आणि आवाज जरा चिरकला.

"जाय, आधी नायकाले विचारून ये."

"नाही जात. एक तोंड म्हणाला होतात ना तुम्ही?"

तो हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसला. मग बोर्डापासून चार पावलं मागे गेला, डोळे बारीक करून पाहिलं, आणि म्हणाला, "धुराळ्यात थोडा पिवळा पाहिजे. उन्हाचा." मी हो म्हणालो. "अन् डोळे मी सोडणार नाई." त्यालाही मी हो म्हणालो. त्यामुळे आमच्या बोर्डावरच्या एकूण एक माणसाच्या डोळ्यांत काजळ आहे, मिशावाल्या म्हाताऱ्यांच्यासुद्धा. खाली मजकूर मी पानभर लिहून नेला होता. त्यातलं त्याने तांड्याचं नाव, पटाचा दिवस आणि तीन शब्द ठेवले, "जोडी घेऊन या."

बाजाराच्या दिवशी बोर्ड पोत्यात गुंडाळून एसटीच्या टपावरून घाटंजीला आणला. बाप आणि नायक गाडी जुंपून उभे होते. वर चढवून, दोऱ्यांनी आवळून मी पोतं काढलं.

बापाने वरून खाली पाहिलं, मग खालून वर.

"बैल?"

"नाहीत."

"इसरला?"

"नाही."

नायकाने तोंडात घातलेली तंबाखू चघळायची थांबवली. बापाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी माझ्या चपलेकडे पाहत होतो. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त "चाला" म्हणाला आणि बैलांच्या कासऱ्याला हात घातला, कारण बाजार भरत आला होता आणि दुसरं करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

गाडी मिरचीच्या ओळीतून निघाली. लोक वळून पाहू लागले. कुणी वाचणाऱ्याला पकडून आणलं. "पट हाये म्हनते. तांड्यावर." "बैल कुठी हायेत बे?" "धुयीत असतीन." "कोनाचे?" अशी कुजबुज चालू झाली, आणि तेवढ्यात समोरून पाटील आले. मागे त्यांची चार माणसं. पाटील थांबले, काठीवर दोन्ही हात ठेवले, बोर्ड पाहिला, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "का हो कारभारी, पट बैलायचा हाये का वावटळीचा?"

लोक हसले. मोठ्याने हसले. नायकाने मान फिरवली.

बापाने बोर्डाकडे पाहिलं. मला वाटतं, त्याने तो नीट असा तेव्हाच पाहिला.

"बैल हायेत न त्यात, पाटील."

"कोनाचे?"

"ते मले कसं ठाऊक? धूळ बसली का दिसतीन."

"आमचे दिसून नाई राह्यले."

"असतीन बी," बाप म्हणाला, "नसतीन बी."

"नसतीन म्हंजे?" पाटलांनी काठी उचलली. "या तालुक्यात पट होईन अन् पुढं दुसऱ्याचे बैल?"

"मी कुठी म्हनतो? मी तं गरीब मानूस. या, अन् पाहून घ्या."

"त्याच्यात पुढं मायी जोडी हाये!" गर्दीतून एक तेलकट सदऱ्याचा माणूस ओरडला. "पाटील, तुमची मांगं हाये, खोकलून राह्यली!"

आता हसू दुसऱ्या बाजूला गेलं. कुणी म्हणालं, माझी. कुणी म्हणालं, तुझी तर घाटातच बसली असेल. मिरचीवाली बाई तराजू खाली ठेवून म्हणाली, माझ्या भावाची आहे, पैज लावता? बोर्डाच्या त्या पिवळ्या-मातकट जागेत ज्याला त्याला आपापले बैल दिसत होते आणि दुसऱ्याचे कुणालाच दिसत नव्हते. पाटील निघताना बापाला म्हणाले, "येतो मी. तयारीत राहा."

बापाने त्यांना हात जोडले. पाटील लांब गेल्यावर त्याने पागोटं काढून कपाळ पुसलं.

नंतर बोर्ड दिग्रसला गेला, पुसदच्या बाजारात गेला, आर्णीलाही गेला. वाटेत विचारणाऱ्याला बाप सांगू लागला, "मीच सांगतलं पोराले, बैल काढू नको म्हनून. बैल काढला का भानगड होते." हे तो इतक्या सहजपणे सांगायचा की एकदा मीसुद्धा मान डोलावली.

पटाच्या दिवशी सकाळपासून टेकडीवरून जोड्या उतरायला लागल्या. झुली घातलेल्या, शिंगं रंगवलेल्या, गळ्यात घागरमाळा. आम्ही ठोकून ठेवलेल्या खुंट्या नऊ वाजायच्या आत संपल्या. लोक झाडांना बैल बांधू लागले, मग कुंपणाला, मग आमच्या अंगणातल्या खाटेच्या पायाला. सगळ्यात मोठी पंचाईत पाण्याची झाली. याडीने तांड्यातल्या सगळ्या बायकांना कामाला लावलं आणि मला बादल्या दिल्या. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने पंचांजवळ बसावं, नावं पुकारावी, असं ठरलेलं होतं. पण तहानलेल्या बैलाला ते कसं सांगणार? मी दिवसभर विहीर आणि बैल यांच्यामध्ये पळत होतो. आरोळ्या ऐकू आल्या, धुरळा दिसला, कोण जिंकलं ते मला चार माणसांनी चार तऱ्हांनी सांगितलं. पाटील आले होते. हरले असं नायक म्हणाला, जिंकले असं पाटील म्हणाले.

पेंटरही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला कुणी पट पाहूच दिला नाही. जो तो हाताला धरून आपल्या बैलाजवळ न्यायचा. "हा पाहा, शिंग पाहा. हा काढा आमच्या गाडीच्या फळीवर." त्या हंगामात त्याने तालुकाभरच्या गाड्यांवर बैल काढले. मला भेटला की म्हणायचा, "आता मनातून नाई काढत बाप्पा. मालकाले समोर बसवतो, अन् मंगच ब्रश उचलतो."

दिवस कलला. बक्षीस वाटून झालं, गाड्या परतू लागल्या. आम्ही दावणीखालची वैरण गोळा करत होतो, तेव्हा टेकडीवरून एक जोडी येताना दिसली. एकटीच. दोन लहानखुरे बैल, छकड्यावर एक उतारवयाचा माणूस, धुळीने पांढरा झालेला. पुसदच्याही पलीकडून आला होता. बाजारात बोर्ड पाहिला म्हणाला. वाटेत चाकाची आरी मोडली.

"झाला काय पट?" त्याने विचारलं.

बाप पुढे झाला. त्याने बैलांच्या तोंडावरून हात फिरवला, मला पाणी आणायला सांगितलं, माणसाला बसवून भाकरी दिली. बैल जरा निवाल्यावर तो म्हणाला, "पट संपला कोण म्हनते? तुमची जोडी राह्यली न पळाची." आणि तो गोठ्यात जाऊन ढवळ्याला आणि त्याच्या जोडीदाराला सोडून घेऊन आला.

नायक पुन्हा निशाणाजवळ जाऊन उभा राहिला. उरलीसुरली माणसं, बायका, पोरं दोन्ही बाजूंना लागली. मी बादली खाली ठेवली. त्या दिवशी मी पाहिलेली ती एकच शर्यत. पाहुण्याचे लहानखुरे बैल सुरुवातीला मागे होते, आणि मग काय झालं कळलं नाही, निशाणाजवळ तेच पुढे निघाले. चांगले हातभर पुढे.

"कारभाऱ्याचे बैल हारले," काका म्हणाले. या वेळी त्यांना कुणी नाक लावू दिलं नव्हतं, आवाजावरूनच ओळखलं त्यांनी.

बाप छकड्यावरून उतरला. ढवळ्याच्या मानेवर थाप मारत त्याने त्या माणसाकडे पाहिलं. तो उतारवयाचा माणूस आपल्या बैलांच्या गळ्यात पडून हसत होता.

"हारू दे," बाप म्हणाला. "आले न."